शंभर वॅट म्हणजे नेमके किती?

घरी गाणी ऐकण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर वेगवेगळे घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न वॅटचा निघतो. अ‍ॅम्प्लिफायर ६० वॅटचा आहे आणि स्पीकरवर १०० वॅट लिहिले आहे, मग आवाज कमी पडेल का? स्पीकर ५० वॅटचे आहेत आणि अ‍ॅम्प्लिफायर १०० वॅटचा, मग स्पीकर उडतील का? याची ठरीव उत्तरे बाजारात तयार असतात. कोणी म्हणते दोन्ही आकडे सारखे हवेत, कोणी म्हणते अ‍ॅम्प्लिफायर दीडपट हवा, कोणी म्हणते सरळ दुप्पट घ्या. ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, पण त्या सर्वांच्या तळाशी समजूत एकच आहे: स्पीकरवरचे वॅट आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचे वॅट हे एकाच जातीचे आकडे आहेत आणि ते एकमेकांना जुळवायचे असतात. माझ्या मते ही समजूतच मुळात चुकीची आहे. आपल्याला किती मोठा आवाज, किती अंतरावरून आणि कोणत्या स्पीकरमधून ऐकायचा आहे, यावरून अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती ठरते. स्पीकरवर छापलेले वॅट या हिशेबात अगदी शेवटी येतात, आणि तेही केवळ मर्यादा म्हणून.

दोन्ही आकडे काय सांगतात ते आधी नीट पाहू. अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट म्हणजे तो जास्तीत जास्त किती विद्युतशक्ती देऊ शकतो याचे माप. स्पीकरचे वॅट म्हणजे तो किती विद्युतशक्ती सोसू शकतो याचे माप. नदीवरच्या पुलापाशी ‘कमाल भार १० टन’ असा फलक असतो, म्हणून कोणी मुद्दाम १० टनांचाच ट्रक शोधत नाही. किती माल न्यायचा आहे त्यावरून गाडी ठरते आणि फलक फक्त एवढेच सांगतो की याच्या पुढे जाऊ नका. स्पीकरवरचा आकडा या फलकासारखा आहे. १०० वॅट लिहिलेला स्पीकर १०० वॅट मागत नाही, तो दहा वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवरही वाजतो. शिवाय १०० वॅटचा स्पीकर ५० वॅटच्या स्पीकरपेक्षा मोठा वाजेलच असेही नाही. कित्येकदा उलटेच घडते. अ‍ॅम्प्लिफायरकडूनही १०० वॅट सतत बाहेर पडत नसतात. स्पीकरकडे प्रत्यक्ष किती शक्ती जाते, ते त्या क्षणी चाललेले संगीत, आवाजाच्या बटणाची जागा आणि स्पीकरचा ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अवरोध या तिन्हींवर अवलंबून असते.

स्पीकर किती मोठा वाजेल, हे सांगणारा आकडा वेगळाच आहे. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले आणि समोर एक मीटर अंतरावर आवाज मोजला, की जे डेसिबल येतात ती त्याची सेन्सिटिव्हिटी. हे विचित्र वाटणारे २.८३ व्होल्ट घेण्याचे कारण सोपे आहे: आठ ओहमच्या भारावर एवढ्या दाबाने बरोबर एक वॅट शक्ती खर्च होते. घरगुती स्पीकरांची सेन्सिटिव्हिटी साधारणपणे ८४ ते ९२ डेसिबलच्या दरम्यान असते. हे अंतर कागदावर किरकोळ दिसते, पण डेसिबलचे गणित गुणाकाराचे आहे. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. दहापट केली की १० डेसिबल. आणि कानाला आवाज ढोबळमानाने दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर देऊन १०० वॅटचा आणला तर आवाज दुप्पट होत नाही, ३ डेसिबलने वाढतो. फरक कळतो, पण डोळे विस्फारावेत असा नसतो. १०० आणि १२० वॅटमधला फरक तर एक डेसिबलही भरत नाही. याउलट ८५ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजासाठी लागणारी शक्ती एकदम चौथ्या हिश्शावर येते. वॅटच्या आकड्यांवर घासाघीस करणारा ग्राहक सेन्सिटिव्हिटी विचारतही नाही, हे मला या सगळ्या व्यवहारातले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

दुसरी गोष्ट संगीताच्या स्वभावाची. संगीत एका पातळीवर वाहत नाही; सरासरी पातळीच्या कितीतरी वर त्याची शिखरे असतात. तंबोऱ्याचा नाद जवळजवळ एकसारखा चालतो, पण त्याच मैफलीत तबल्यावर कडक थाप पडली की क्षणभर आवाज एकदम उसळतो. सरासरी आणि शिखर यांच्यातले हे अंतर, दाबून-दाबून सपाट केलेल्या आजच्या फिल्मी किंवा पॉप ध्वनिमुद्रणात दहा डेसिबलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. मोकळेपणाने मुद्रित केलेल्या शास्त्रीय संगीतात ते १५ ते २० डेसिबलपर्यंत जाते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. सरासरीला एक वॅट पुरत असेल, तर त्या थापेपुरते शंभर लागू शकतात, तेही सेकंदाच्या एका छोट्या अंशासाठी. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये राखीव शक्ती हवी ती या शिखरांसाठी. ती नसेल तर शिखर कापले जाते आणि थापेतला टणकपणा हरवतो. जास्त वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यामागचे खरे सांगीतिक कारण हे आहे. गंमत अशी की ज्याला आपण सौम्य समजतो त्या शास्त्रीय संगीतालाच ही राखीव शक्ती जास्त लागते.

आता हे सारे एका उदाहरणात घालून पाहू. स्पीकर ८७ डेसिबलचे, आठ ओहमचे; ऐकणारा तीन मीटरवर बसलेला. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो, त्या हिशेबाने तीन मीटरवर साडेनऊ डेसिबल कमी होतील. पण खोलीच्या भिंती आवाज परत फेकतात, त्यातून तीनेक डेसिबल भरून निघतात. आणि स्पीकर दोन असल्यामुळे आणखी तीन मिळतात. बेरीज-वजाबाकी करून प्रत्येक स्पीकरला एक वॅट दिल्यावर बसल्या जागी सुमारे ८३ डेसिबल मिळतील. घरात मन लावून ऐकताना सरासरी ७५ डेसिबल हा चांगला भरीव आवाज आहे. त्यासाठी लागतात ०.१६ वॅट, म्हणजे एक षष्ठांश वॅटसुद्धा नाही. शिखरे सरासरीच्या १८ डेसिबल वर धरली तर ती ९३ डेसिबलपर्यंत जातील, आणि त्यासाठी दहा वॅट लागतील. आता आवाज वाढवून सरासरी ८५ डेसिबलवर नेऊ. शेजारी दार ठोठावतील अशी ही पातळी आहे. सरासरीला १.६ वॅट लागतात, पण शिखरांना १०० वॅट. हेच स्पीकर ९३ डेसिबलचे असते तर १०० ऐवजी २५ वॅट पुरले असते. ८३ डेसिबलचे असते तर २५० वॅट लागले असते. या संपूर्ण हिशेबात स्पीकरवर छापलेले वॅट एकदाही लागले नाहीत, हे ध्यानात घ्यावे. उत्तर आले ते अंतर, सेन्सिटिव्हिटी आणि हवी असलेली पातळी यांच्यातून. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत दोन मीटरवर बसणाऱ्यासाठी हा आकडा आणखी खाली येईल.

मग शंभर-दोनशे वॅटचे एवढे महत्त्व आले कुठून? त्याला इतिहास आहे. आजचा गुंडाळी आणि कागदी शंकूचा स्पीकर ज्या शोधनिबंधामुळे रूढ झाला, तो अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. त्या काळचे व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर मोजके वॅट देत, त्यामुळे मिळालेल्या शक्तीतून जास्तीत जास्त आवाज काढणे हेच स्पीकर बनवणाऱ्यांचे ध्येय होते. पॉल क्लिप्श यांचा १९४६ चा क्लिप्शहॉर्न हा त्या विचाराचा कळस. तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा, भिंतींनाच भोंग्याचा भाग बनवायचा. त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबलच्या घरात. पण तो होता कपाटाएवढा. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांच्या अ‍ॅकॉस्टिक रिसर्च कंपनीने एआर-१ हा स्पीकर आणला. बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा वापर करून त्यांनी लहान आकारातून खोल खर्ज काढून दाखवला. त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीने मोजली. खोल खर्ज, लहान पेटी आणि जास्त सेन्सिटिव्हिटी यांपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, हा जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम त्याच काळातला. घरांत लहान पेट्या आल्या, ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि जास्त वॅट म्हणजे जास्त प्रतिष्ठा ही भावना रुजली. ८५ डेसिबलच्या पेटीला १०० वॅट दिल्यावर जो आवाज होतो, तो १०५ डेसिबलचा भोंगा एका वॅटवर देतो. शंभर वॅट हे मूळचे पेटीच्या लहानपणाचे मोल आहे.

स्पीकरवरचा आकडा मर्यादा म्हणून तरी किती भरवशाचा? त्यासाठी तो कसा काढतात ते पाहावे लागते. स्पीकरला दिलेल्या शक्तीपैकी आवाजात रूपांतर होते ती फारच थोडी. ८८ डेसिबलच्या स्पीकरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. बाकीची सगळी शक्ती गुंडाळीच्या, म्हणजे व्हॉइस कॉइलच्या, बारीक तारेत उष्णता होऊन राहते. म्हणून सोसण्याची मर्यादा मुख्यतः उष्णतेची असते, आणि उष्णतेत वेळ महत्त्वाचा. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकात त्यामुळे एका स्पीकरचे अनेक आकडे निघतात. संगीतासारखी घडण दिलेला खरखराट सलग १०० तास सोसला तर एक आकडा. एक मिनिट देऊन दोन मिनिटे विश्रांती असे दहा वेळा सोसले तर दुसरा. एक सेकंद देऊन एक मिनिट विश्रांती असे साठ वेळा सोसले तर तिसरा. तिसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी वर असू शकतो, आणि पेटीवर यांपैकी कोणता छापला आहे हे अनेकदा लिहिलेलेच नसते. आणखी एक मेख आहे. १०० वॅटच्या पेटीतला तार सुरांचा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, १०० वॅट सोसत नाही. तो एकट्याने सलग सोसतो ते जेमतेम पाच-दहा वॅट. संगीतातली बहुतेक शक्ती खर्ज आणि मध्यम सुरांत असते, तार सुरांत फार थोडी, या भरवशावर पूर्ण पेटीचा आकडा काढलेला असतो. शिवाय तांबे तापले की त्याचा विरोध दर अंश सेल्सिअसला ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल दीडशे अंशांनी तापली तर विरोध दीडपटीच्याही पुढे जातो आणि तेवढ्याच व्होल्टला आवाज कमी निघतो. मर्यादेजवळ चालवलेला स्पीकर असा आधी आवाज गमावतो आणि मग कॉइल.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आकड्यांची गोष्ट याहून उघडीवाघडी आहे. अमेरिकेत साठच्या दशकात जाहिरातींमधल्या वॅटना धरबंध राहिला नव्हता. एका क्षणापुरती मिळणारी शक्ती मोठ्या अक्षरांत छापली जाई. अखेर फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला: शक्ती सांगायची तर किती ओहमच्या भारावर, कोणत्या कंप्रतेपासून कोणत्या कंप्रतेपर्यंत आणि किती विकृतीसह, हे सांगितले पाहिजे, आणि मोजण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर एकतृतीयांश शक्तीवर तासभर चालवून तापवला पाहिजे. अनेक कंपन्यांचे आकडे त्यानंतर जमिनीवर आले. २०२४ मध्ये या नियमात दुरुस्ती करून मोजणी आठ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात आणि १ टक्क्याच्या आतल्या विकृतीवर बांधली गेली. आपल्याकडच्या खोक्यांवर मात्र ‘पीएमपीओ’ हा शब्द वर्षानुवर्षे मिरवत आला, आणि तो मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. असा आकडा तपासण्याचा एक साधा मार्ग कोणालाही जमतो. यंत्राच्या पाठीवर किंवा अ‍ॅडॅप्टरवर ते विजेच्या जोडणीतून किती वॅट घेते ते लिहिलेले असते. आत ४० वॅट घेणारे यंत्र बाहेर सलग हजारो वॅट देऊ शकत नाही. ऊर्जेचा नियम कोणत्याही जाहिरातीला सूट देत नाही. होम थिएटरच्या रिसीव्हरवरही ‘१५० वॅट’ दिसले तर खालची बारीक ओळ वाचावी. तो आकडा पुष्कळदा एकच चॅनेल चालू ठेवून, सहा ओहमवर, फक्त एक किलोहर्ट्झच्या सुरावर आणि १० टक्के विकृती होईपर्यंत ताणून काढलेला असतो. पूर्ण पट्ट्यात, आठ ओहमवर आणि दोन चॅनेल चालू असताना किती, हा आकडा खरा.

यावर पहिला आक्षेप भीतीचा असतो: १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ५० वॅटच्या स्पीकरला जाळणार नाही का? जाळू शकतो, पण आवाजाचे बटण तिथवर नेले तरच. वरच्या उदाहरणात भरीव आवाजालाही सरासरी पाव वॅट लागला नव्हता. १०० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरनेही तेवढेच दिले असते, ५०० वॅटच्यानेही तेवढेच. संगीताची सरासरी कमी असल्यामुळे ५० वॅटचा स्पीकर शिखरांपुरते १०० वॅट सहज झेलतो, कारण कॉइल तापायला जो वेळ लागतो त्याच्या आत शिखर ओसरते. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचा खरा धोका वेगळा आहे. खर्जाचा भारी धक्का वूफरच्या शंकूला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलू शकतो, विशेषतः भोक असलेल्या पेट्यांमध्ये, ज्यांच्या ठरलेल्या कंप्रतेखाली शंकूला आतल्या हवेचा आधार उरत नाही. बटण वर असताना केबल काढणे-लावणे किंवा माइक खाली पडणे यातून असा धक्का बसतो. म्हणून मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला हरकत नाही, मात्र तो ज्या घरात आहे तिथे बटण फिरवणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत हवी. मुलांच्या वाढदिवसाला किंवा पाहुण्यांच्या हातात बटण जाणार असेल तर लहान अ‍ॅम्प्लिफायर शहाणपणाचा, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

दुसरा आक्षेप नेमका उलट टोकाचा आणि अधिक पसरलेला: कमी वॅटचा अ‍ॅम्प्लिफायरच स्पीकर उडवतो, म्हणून नेहमी दुप्पट घ्या. यात सत्याचा अंश आहे, पण कारण चुकीचे सांगितले जाते. कमी शक्तीने कोणताही स्पीकर कधी जळत नाही. तसे असते तर हळू आवाजात ऐकणाऱ्यांचे स्पीकर आधी गेले असते. घडते ते असे. ५० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरकडून त्याच्या आवाक्याबाहेरचे मागितले की तो लहरींची टोके छाटतो आणि आवाज फाटतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. साध्या गोलाईच्या लहरीवर ५० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर ती पूर्ण चौकोनी होईपर्यंत ताणला तर जवळजवळ १०० वॅट देतो. छाटण्यातून निर्माण होणारे तार सूर ट्वीटर जाळतात, असे नेहमी सांगतात. पण चौकोनी लहरीतसुद्धा ८१ टक्के शक्ती मूळ सुरातच राहते. नव्या सुरांच्या वाट्याला उरतात १९ टक्के. मोठे कारण सरासरीचे आहे. मागणी १० डेसिबलने वाढवली तर खर्जाची शिखरे छाटली जाऊन जागीच थांबतात, पण त्यांच्या मधले तार सूर बिनदिक्कत दहापट होतात. ज्या ट्वीटरला आतापर्यंत एक वॅट मिळत होता त्याला दहा मिळू लागतात आणि पार्टी संपण्याआधी त्याची तार वितळते. दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या लहानपणाचा नसून फाटलेला आवाज ऐकूनही बटण पुढे नेण्याचा आहे. ‘दुप्पट घ्या’ या सल्ल्याने क्लिपिंग लांबते हे खरे, पण त्याच हाताने त्याच बेफिकिरीने बटण फिरवले तर दुप्पट अ‍ॅम्प्लिफायर कॉइल आणखी लवकर जाळेल. दोन्ही आक्षेपांवरचा उपाय एकच आहे: आवाज फाटल्याची किंवा खरबरीत झाल्याची चाहूल लागताच बटण मागे घेणे.

वॅटच्या गोंधळात जी जुळणी खरोखर आवश्यक आहे ती मागे पडते. ती म्हणजे ओहमची. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेले असले तरी त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युत अवरोध, स्थिर नसतो. सुरागणिक तो वर-खाली होतो. आयईसीच्या मानकानुसार तो लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये, म्हणजे आठ ओहमचा स्पीकर ६.४ ओहमच्या खाली उतरू नये. प्रत्यक्षात बाजारातले कितीतरी ‘आठ ओहम’वाले स्पीकर काही सुरांना चार-पाच ओहमपर्यंत येतात. इम्पिडन्स अर्धा झाला की तेवढ्याच व्होल्टला दुप्पट प्रवाह लागतो. आठ ओहमवर ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट आणि अडीच अँपियर. चार ओहमवर त्याच २० व्होल्टला पाच अँपियर. हा प्रवाह देण्याची ताकद अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये असते, म्हणजे जिथे वजन आणि खर्च आहे तिथे. म्हणून आठ आणि चार ओहमवरचे दोन्ही आकडे पाहावेत. चारवरचा आकडा आठवरच्या दुप्पटीजवळ असेल तर अ‍ॅम्प्लिफायर भक्कम समजावा, आणि चारवरचा आकडाच दिलेला नसेल तर चार ओहमचे स्पीकर त्याला जोडू नयेत. एकाच जागी दोन जोड्या समांतर लावल्या की आठ-आठचे चार होतात आणि चार-चारचे दोन. असे कित्येक अ‍ॅम्प्लिफायर आजवर जळाले असतील. सेन्सिटिव्हिटीतही इथे एक फसगत आहे. २.८३ व्होल्ट चार ओहमच्या स्पीकरला दोन वॅट देतात. त्यामुळे ८८ डेसिबल लिहिलेला चार ओहमचा स्पीकर वॅटमागे खरे तर ८५ चाच असतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. तो म्हणेल, एवढी गणिते कोण करणार? दीडपटीचा नियम कामचलाऊ का मानू नये, आणि शेवटी ऐकून पसंत करणे हेच खरे नाही का? ऐकून पसंत करणे खरेच आहे. स्वराचा रंग कोणताही आकडा सांगत नाही, आणि स्पीकरची निवड कानानेच व्हावी. पण दुकानातल्या पाच मिनिटांत कान पातळीला फसतो. दोन स्पीकरांपैकी किंचित मोठा वाजणारा आपल्याला अधिक चांगला वाटतो, आणि तो किंचित मोठेपणा निव्वळ सेन्सिटिव्हिटीचा असू शकतो. दीडपटीचा नियम व्यावसायिक ध्वनिक्षेपणात काही अर्थाने उपयोगी आहे, कारण तिथे स्पीकर रोज मर्यादेजवळ चालतात आणि मर्यादेचा आकडा कोणत्या चाचणीचा आहे ते निश्चित असते. घरात स्पीकर मर्यादेच्या शतांशानेही चालत नाहीत, तिथे मर्यादेची दीडपट काढून काय हाती लागणार? १५० वॅट सोसणाऱ्या ९२ डेसिबलच्या स्पीकरसाठी हा नियम २२५ वॅट मागेल, जिथे ३० पुरले असते. आणि ४० वॅट सोसणाऱ्या ८३ डेसिबलच्या स्पीकरसाठी ६० सुचवेल, जिथे मोकळ्या शास्त्रीय संगीताला ते अपुरे पडतील. जो नियम दोन्ही दिशांना चुकतो त्याला कामचलाऊ म्हणता येत नाही. गणित तरी कितीसे आहे? तीन डेसिबलला दुप्पट, दहाला दहापट, एवढे लक्षात ठेवले की बाकीचे बोटांवर होते.

यात एक मर्यादा अशी आहे की ती ना अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर छापलेली असते ना स्पीकरच्या, आणि ती आपल्या कानाची. अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांहून जास्त ऐकू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. हे ३ डेसिबल म्हणजे तीच शक्तीची दुप्पट, जी आपण अ‍ॅम्प्लिफायर घेताना मिरवतो. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. कॉइल मात्र बदलून मिळते. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे, हेही सदनिकेत राहणाऱ्याने विसरू नये. या दोन मर्यादा पाळून ऐकणाऱ्याला सरासरी एक-दोन वॅटच्या पलीकडे जाण्याची वेळ क्वचितच येते. राखीव शक्ती हवी ती शिखरांसाठी. साधारण ८७-८८ डेसिबलचे स्पीकर आणि मध्यम खोली असेल तर प्रामाणिकपणे मोजलेले ५० वॅट ती उत्तम पुरवतात.

तेव्हा खरेदीचा क्रम असा असावा. आधी खोली आणि बसण्याचे अंतर, मग कानाला पटलेले स्पीकर, मग त्यांची सेन्सिटिव्हिटी आणि कमीत कमी इम्पिडन्स. त्यांवरून शिखरांसाठी लागणारे वॅट काढावेत आणि तेवढे वॅट पूर्ण पट्ट्यात, दोन्ही चॅनेलवर, कमी विकृतीने देणारा आणि तो इम्पिडन्स पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर निवडावा. स्पीकर किती वॅट सोसतो हे सर्वांत शेवटी पाहावे, म्हणजे बटण कुठे थांबवायचे ते कळेल. या क्रमाने गेले तर बहुतेक घरांत अ‍ॅम्प्लिफायरवरचा खर्च कमी होईल आणि उरलेला पैसा स्पीकरकडे जाईल. तो तिथेच जायला हवा, कारण आवाजाचा रंग, खर्जाची खोली आणि स्वरांची स्पष्टता या सगळ्यांत स्पीकरचा वाटा सर्वांत मोठा असतो. आणि दुकानात वॅटआधी डेसिबल विचारणारे गिऱ्हाईक वाढले, तर खोक्यांवरही वॅटच्या शेजारी खरे डेसिबल छापले जातील. बाजार शेवटी तोच आकडा मोठ्या अक्षरांत छापतो, जो गिऱ्हाईक विचारते.